चार सेकंद

मिलवॉकी, फेब्रुवारी. टायरच्या जुन्या दुकानातली
उत्तरेकडची एकच काच मी पुसून घेतली आहे.
लेम्युअल खुर्चीत बसतो तोही उभा असल्यासारखा.
"हात कुठे ठेवू?" तिसऱ्यांदा विचारतो.

रात्रपाळीचा पहारेकरी.
बावीस वर्षं न मिटण्याचाच पगार घेतला या डोळ्यांनी.
शाळेच्या गटफोटोत, म्हणतो, मी नव्हतोच,
नुसते दात होते. आई त्यांच्यावर बोट ठेवून सांगायची,
हा माझा.

मी प्रकाशमापक त्याच्या गालाशी धरते.
काळा म्हणे एक रंग!
कपाळावर ओली पाटी,
कानामागे पिकलं जांभूळ,
आणि गळ्यावर, ऑपरेशनच्या वणावर,
कोरा चहा. तिथली कातडी अजून नवी आहे.

"वरचं बटण?"
काढतो. खिशातून घरंगळते
मुलीची पिवळी क्लिप. दोघं तिच्याकडे बघत राहतो.
"शनिवारी वेण्या मीच घालतो. कुणाला सांगू नकोस,"
असं म्हणतो, तेही कॅमेऱ्यासमोर बसून.

"आता डोळे मीट."
बराच वेळ नाही.
दाराकडे बघतो, काचेकडे, माझ्याकडे.
मी कडी घालायला उठते.
"नको. उघडंच असू दे."
आणि मिटतो.

एक. जबडा.
दोन. जबडा नाही.
तीनला बाहेरून बस गेली, काच थरथरली.
चार कधी झाले, कळलं नाही.

डार्करूमच्या लाल उजेडात
पापण्या हललेल्या, बाकीचा शाबूत.
हात मांडीवर उताणे पडलेत.
मी काही सांगितलं नव्हतं.