नाशवंत माल

पोलाचीहून आलेली वीट
सकाळचा नळ जायच्या आत बादलीत टाकली.
पाच किलो. दाबून दाबून बांधलेला
नारळाच्या सोडणांचा भुसा.
आधी काहीच झालं नाही.
मग कडेने एक भेग, मग उसासा,
आणि दुपारपर्यंत बादली, टब, जुनी परात,
सगळं भरून
तपकिरी, हलकं, ओलसर काहीतरी
स्वयंपाकघरात माझ्याआधी पाय पसरून बसलेलं.

बत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात होतो.
मद्रासकडच्या गाड्यांतून अशा विटा उतरायच्या.
वजन करायचो, शिक्का मारायचो.
आत काय, हे विचारलं नाही कधी.

भिवापूरहून यमूने, बहिणीने,
मिरचीचं बी पाठवलं रुमालाच्या गाठीत.
"आमच्याकडचं सारं उंदरायनं खाल्लं,
तूच रोपं करून दे नं."
पहिल्यांदा काळ्या मातीत पेरलं, गच्चीवर.
मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर
काळी माती काय करते, सांगायला नको.
वरून पापुद्रा धरते, खालून तडकते.
कोंब आतल्या आत वाकडा होऊन बसतो.

दुसऱ्यांदा हा भुसा. न धुता.
उगवलं, पिवळं पडलं, टोकं जळाली.
शेजारच्या कौसल्याबाई भोयर जिन्यातून म्हणाल्या,
"माती सोडून भुशात काहून पेरता जी?
लेकराले खायले काय हाये त्यात?"
काही नाही. खरंच काही नाही.
पहिली पानं फुटेपर्यंत
बी आपला डबा सोबतच आणतं म्हणे,
सक्करदऱ्याच्या नर्सरीतला पोरगा सांगत होता.
आणि म्हणाला, काका, मीठ असते त्यात.
धुवा लागते.

मीठ?
झिरो माइलच्या दगडावर
गावांची अंतरं कोरली आहेत, समुद्राचं नाही.
तरी बादलीतल्या पाण्याला जीभ लावली.
होतं.
कुठल्यातरी खाडीत महिनोन् महिने
बुडवून ठेवलेल्या सोडणांचं,
मी न पाहिलेल्या पाण्याचं.
एकदा चेन्नईला बदली निघाली होती.
आईच्या दम्याचं कारण लिहून नाकारली.
दमा खरा होता.
कारण खरं नव्हतं.

तीन पाण्यांनी धुतलं.
चौथ्यांदा चाखलं तर
कशाचीच चव नाही.
थोडं वाईट वाटलं.

अठ्ठ्याण्णव कप्प्यांचा ट्रे.
कूलरच्या बाजूला, वारा नाही पण गारवा पोचेल असा.
बाहेर सेहेचाळीस, गल्लीत कुत्रंही नाही.
रोज मूठभर भुसा आवळून बघायचो:
एखादा थेंब ठीक,
धार लागली की जास्त झालं.
नवव्या दिवशी मान खाली घातलेला एक.
दुसऱ्या दिवशी सात.
जुन्या सवयीने वहीत नोंद,
आवक: एक्काहत्तर.
सत्तावीस कप्पे रिकामे राहिले,
त्यांनाही पाणी घालत होतो.

रोप उपटताना हात कापला माझा.
पण दोन बोटांनी खालून दाबलं तर
मुळांसकट अख्खं वर आलं,
भुश्याने कुठेच अडवलं नाही.

उमरेड रोडच्या एसटीत
कंडक्टरने खोक्याकडे पेन्सिल रोखली,
"काय माल हाये? लगेज लागन."
बाजूवर मी आधीच लिहून ठेवलं होतं, निळ्या खडूने:
नाशवंत. वरची बाजू वर.
त्याने वाचलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि पुढच्या सीटवरची आपली पिशवी उचलून घेतली.

पाचगाव गेल्यावर खिडकी लावली.
खोकं मांडीवर.
ओल पुठ्ठ्यातून, पँटीतून
हळूहळू गुडघ्यापर्यंत उतरत होती,
गार.