किल्लीसाठी हेस्टरकडे विचारा

हॅडलबीच्या चर्चमध्ये शिरायचं
तर दोन पायऱ्या उतराव्या लागतात.
चर्च खचलेलं नाही, भोवतीची जमीन चढली आहे.
सातशे वर्षं एकावर एक पुरलेली माणसं
मातीला वर उचलत राहिली,
पाव फुगतो तशी, मुकाट.
मी तिथलं गवत कापतो.
कापताना कुणाच्या छातीवर उभा आहे
याचा विचार करत नाही. केला तर गवत वाढेल.

आत पाद्र्यांच्या नावांची पाटी आहे, १३११ पासूनची.
१३४९ या एकाच सालापुढे तीन नावं.
तिसऱ्याचं आडनाव लिहायला रंगाऱ्याला जागा पुरली नाही.
त्याचं आधी हसू येतं, मग येत नाही.

हल्लीच्या पाद्रीणबाई, फिलिपा, सात गावं सांभाळतात.
महिन्याच्या तिसऱ्या रविवारी
चिखलानं माखलेल्या गाडीतून उतरतात,
कधी आधीच्या गावाचंच प्रवचन हातात घेऊन.
आम्ही अकरा जण.
वटवाघळं धरली तर भरगच्च.

ज्या वर्षी चोरांनी छपरावरचं शिसं सोलून नेलं
त्या वर्षी विमा कंपनीचं पत्र आलं:
रात्री दाराला कुलूप हवं.
हेस्टर थर्लबी म्हणाली, ती किल्ली माझ्याकडे राहू द्या.
तेव्हापासून दारावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी:
'किल्लीसाठी हेस्टरकडे विचारा. हिरवं फाटक. कुत्रा चावत नाही.'
कुत्रा मेला, चिठ्ठी राहिली.
पाहुणे यायचे, कॅनडाहून पणजोबांची कबर शोधत,
किंवा कागदावर कोळसा घासून
पितळी सरदाराचा ठसा न्यायला.
ती ॲप्रनला हात पुसत सोबत निघायची,
दाराशी पोचली की पाठमोरी व्हायची,
खांदा लावायची,
दार उघडायचं.
रविवारी तर आम्ही पोचण्याआधीच उघडं असायचं.

घंटा सहा, वाजवणारे आम्ही पाच.
सहावीचा दोर बारा वर्षं खुंटीला.
मग कोबीच्या शेतावर राबणारी दाइवा आली, लिथुआनियाची,
हातांना पानांचा ओला वास.
समितीत एडगर स्क्रिम्शॉ खाकरला: पण ती कॅथलिक आहे.
हेस्टरनं विणकामातून मान वर काढली नाही.
म्हणाली, दोर विचारत नाही.

फेब्रुवारीत हेस्टर गेली.
किल्ली काही सापडेना.
पावाचा डबा पाहिला, शिवणाची पेटी, कोळशाची बादली,
कोटांचे सगळे खिसे.
चौदा रुमाल निघाले आणि एक पेपरमिंट.
दफन शुक्रवारी. बॉस्टनहून कुलूपवाला बोलावला.
तो दाराशी वाकला, भोकात बॅटरी मारली,
म्हणाला, यात कोळ्यानं घर केलंय.
हे कुलूप माझ्या जन्मापासून फिरलेलं नाही.
आणि त्यानं खांदा लावला.

आम्ही टोप्या हातात घेऊन उभे.
पाऊस असो, बर्फ असो,
रोज अंधार पडताना 'कुलूप लावून येते' म्हणून निघालेली बाई
पाऊण पाऊण तास आत काय करायची,
ते तिच्या बाकावरच्या उशीला ठाऊक.
एका बाजूनं चेपलेली आहे ती.
विमा कंपनीला आम्ही काही कळवलेलं नाही.

शुक्रवारी घंटांच्या लोलकांना
एकाच अंगानं चामडं बांधलं, रीतच आहे तशी:
एक टोला उघडा, पुढचा गुदमरलेला,
एक समोर बोलल्यासारखा,
एक भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखा.
दाइवाचा दोर दर फेरीला जरासा मागे पडत होता.
एरवी ऑस्विन ओरडला असता.

चिठ्ठी काढायला मी गेलो होतो.
टाचण्या गंजून लाकडात रुतल्यात.
राहू दे म्हटलं.
काल एक जोडपं गवतात मला शोधत आलं,
हिरव्या फाटकाशी कुणी दार उघडत नाही म्हणालं.
मी पँटला हात पुसले,
सोबत गेलो,
दोन पायऱ्या उतरलो,
आणि त्यांच्याकडे पाठ केली.