बॅटरी

बमू झोरे दर शनिवारी घाट उतरतो.
आधी तुपाच्या बरण्या विकायला उतरायचा,
आता पोरांच्या कागदांसाठी.
राधानगरीच्या तहसीलबाहेर उकिडवा,
पिशवीत अकरा फायली,
प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.
अक्षर येत नाही, दोरा कळतो.
हिरवा सगूचा, तिला नर्सिंगला जायचंय.
लाल जानूच्या थोरल्याचा,
त्याला अजून काहीच व्हायचं नाही.
"तरी दाखला काढून ठिवू," बमू म्हणतो,
"इच्छा मागनं येती."

क्लार्क विचारतो, तुला काय मिळतं यातनं?
तो चहा पाजतो त्याला,
स्वतःच्या पैशानं.

धनगरवाड्यावर अभ्यास गोठ्याच्या पडवीत.
वीज गेली की
(आलीच कधी तर जाणार)
बमू बॅटरी धरून उभा.
गव्यांची चाहूल लागली
की उजेड रानाकडे वळायचा
आणि आम्ही अंधारात
सतराचा पाढा म्हणत राहायचो, मोठ्यानं,
गव्यांनाही पाठ व्हावा इतका.

काल मी शिकवत होते.
सगळी पोरं गेल्यावर
त्यानं पाटी पुढं केली.
"माझा दोरा कुठला गं?"

मी त्याच्या हातातली बॅटरी घेतली,
'ब' वर धरली.
बराच वेळ बघून म्हणाला,
"हे तर खुंट्याला बांधलेलं रेडकू."