दिव्याच्या भोकातून

छत दिसावं, खिळा दिसू नये —
नकाशाच्या कोपऱ्यात एवढी एकच ओळ,
आणि विर्वे ती रोज सकाळी मोठ्याने वाचायची,
शिवी वाचावी तशी.

विल्यांदीची संगीतशाळा, मैफलीचं नवं दालन.
डिसेंबर. साडेतीनला खिडक्या काळ्या.
तक्ते ॲशच्या लाकडाचे, पाठीवर जिप्समचा जाड थर,
कारण आवाजाला परत पाठवायचं तर अंगात वजन लागतं.
एकेक चाळीस किलो.
छताला पट्ट्या, तक्त्यांच्या पाठीलाही पट्ट्या,
दोन्हींना वाकवलेल्या जिभा, एकमेकींकडे तोंड करून.
मी उचलयंत्राची मूठ फिरवायचो,
तक्ता वर जायचा, दोन बोटं पुढे थांबायचा,
मग हेंद्रिक आणि तानेल त्याला मागे ढकलायचे
आणि जिभेत जीभ बसायची.
दाताखाली खडा यावा तसा आवाज.
आला की हात काढायचा.
नाही आला तर काढायचा नाही, नाक कितीही खाजो.

असे एकशे बारा.

एकशे तेराव्याला जागा नव्हती.
म्हणजे त्याच्यापुरती होती, तंतोतंत.
सरकायला लागतात ती दोन बोटं नव्हती.
चारी बाजूंना शेजारी, मध्ये एक काळा चौकोन,
आणि खाली आम्ही, माना मोडून बघत.
हेंद्रिक म्हणाला, चार स्क्रू मारू, वर भुसा नि डिंक भरू,
कोण बघतंय?
विर्वेने नकाशाकडे बोट केलं.

उपाय तिनेच आणला होता, डब्यात गुंडाळून:
चार फिरत्या कड्या, आतून फिरवायच्या.
आणि आत जायला वाट एकच,
दिव्यासाठी पाडलेलं भोक. अकरा सेंटीमीटर.

माझा दंड गेलाच नाही.
हेंद्रिकचा गेला आणि अडकला, साबण लावून सोडवला.
विर्वेचा गेला असता,
पण तिचा खांदा गेल्या हिवाळ्यापासून वर होत नाही.
उरला तानेल. सारेमा बेटावरचा, एकोणीस वर्षांचा,
दिवसाला चार वाक्यं बोलणारा.

त्याने स्वेटर काढला, शर्टही काढला,
शिडी चढला, हात खांद्यापर्यंत आत घातला,
गाल लाकडाला टेकवला
आणि डोळे मिटून घेतले.

"काय लागतंय?" विर्वेने खालून विचारलं.
उत्तर नाही.
"तानेल, काय लागतंय?"
"पाय," तो म्हणाला.
मग म्हणाला, "नाही. कडी."

आम्ही हसलो नाही. तोच सांगत गेला,
गाल तसाच ठेवून —
घरी चाळीस गाई. ढोरांचा डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावरचा,
बर्फात फेरी अडली की यायचा नाही.
आईचा हात जाड, बापाचा घाईचा,
म्हणून दहाव्या वर्षापासून याचा.
आत काही दिसत नाही. गरम असतं.
गाय हाताभोवती आवळते, तेव्हा ओढायचं नाही,
थांबायचं. ती सैल झाली की मग.
पाय पुढचा की मागचा, ते सांधा कुठे वाकतो
त्यावरून बोटांनी ओळखायचं.
"हे बरंय," तो म्हणाला. "हे आवळत नाही."
पहिली कडी फिरली.

दुसरी.
तिसरीला वेळ लागला,
माझ्या मुठीत मूठ, मुठीवर चाळीस किलो,
घाम कानामागून पाठीत.
चौथीला खडा वाजला नाही.
त्याने नुसता हात बाहेर काढला.

"बसली?"
"बसली."
"आवाज नाही आला."
"आतून आला," म्हणाला. "हाताला."

आता यावर काय बोलणार?
मी मूठ उलटी फिरवली, एक दात. दुसरा दात.
यंत्राचे हात खाली आले.
तक्ता आला नाही.

तानेल नळाशी गेला,
खांद्यापर्यंत साबण चोळला, दोनदा,
नखांखालून ब्रश फिरवला, फार मन लावून.
हातावर होता तो फक्त लाकडाचा भुसा.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला, दिवा बसवला,
आणि जाईपर्यंत कुरकुरत राहिला
की भोक जरा मोठं पाडायला
तुमचं काय जात होतं.