सतरा नंबर

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
मे महिना. दहालाच पत्रा तापलेला.
गेटवर विचारलं, "मेकॅनिक कुठाय, मॅडम?"
मी बॅग दाखवली.

जिन्याखाली जुनं एक्सचेंज,
पिवळट, आत मुंग्यांनी घर केलेलं,
झाकणावर हळदकुंकू, मागच्या खंडेनवमीचं
की त्याच्याही मागच्या, कोण सांगणार.
चोवीस एक्स्टेन्शन. बाहेरच्या लाइनी चार,
तीन मेलेल्या, चौथीला खरखर.
श्रीनिवास गड्डम म्हणाले,
"पोलंडच्या पार्टीला आमचा आवाज
विहिरीतून आल्यासारखा जातो.
सगळं नेटवर टाका. पण फोन तेच ठेवा,
माणसांच्या हाताला तेच डबडं बसलंय."

म्हणजे सांधणी.
शब्द माझा नाही, इथला:
संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा जोडायचा,
एकेक धागा, चिमटीला राख, बोटांचा एक पीळ.
मी जन्मात कधी कापड विणलं नाही.
ब्लॉकवर तार ठोकताना टूल टक् करतं,
तेवढाच माझा माग.

भिंतीवर रेणुका चिलका यांच्या अक्षरात यादी:
नऊ डाइंग, चौदा पॅकिंग, सोळा गेट, अठरा कँटीन.
सतरापुढे काहीच नाही.
"काय की," त्या म्हणाल्या,
"मी लागले तेव्हापासून रिकामंच हाय ते."
पण तारेत जीव होता.

दुपारी गेटवेचा दिवा केशरीचा हिरवा झाला.
गड्डमना समजावून सांगितलं:
बोलण्याचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास,
प्रत्येकावर नंबर, मिळेल त्या रस्त्यानं जातात,
पलीकडे रांगेत लावून घेतात.
"एखादा उशिरा पोचला तर?"
"टाकून देतात. वाक्य त्याच्यावाचून पुढे जातं."
"हां," ते म्हणाले, "शिफ्टसारखंच."

मोबाइलवरून, बाहेरच्या बाहेर, सतरा लावला.
वाजला. ऑफिसात नाही, कुठंतरी.
सातव्या रिंगला कुणीतरी उचलला.
"हलो. एवरु?"
मी सांगितलं, फोनवाली, ऑफिसातून.
"हलो... हलो..."
मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.
त्याच्या मागं मागाचा आवाज नव्हता,
एक कबुतर होतं फक्त.
मग हळू, स्वतःशीच:
"गेला. ह्यो बी कान गेला."
आणि ठेवला.

एकतर्फी आवाज.
आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं.
त्याचं माझ्याकडे येतं, माझं दारात अडतं;
गेटवेला आतला पत्ता ठाऊक,
बाहेरचा मी सांगायची राहिलेली.
पाच मिनिटांचं काम.

पण आधी उठले ते तारेमागं.
डाइंगच्या निळ्या गटारावरून,
मागांच्या शेडमधून, जिथं कुणी बोलत नाही,
नुसते ओठ हलतात आणि बोटं,
पार मागच्या सायझिंगच्या खोलीपर्यंत.
अकरा वर्षं बंद. स्टुलावर यादगिरी इराबत्ती,
रात्रीची राखण, दिवसाही इथंच,
तबकडीचा फोन मांडीवर घेऊन
कारखान्याच्याच नापास टॉवेलनं पुसत होते.
"मामा, कान नाही गेला. माझं सेटिंग चुकलं."
ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
पस्तीस वर्षं शेडमध्ये काढलेला माणूस.
ऐकत होते की ओठ वाचत होते, समजलं नाही.

परत आले. पत्ता भरला. लावला.
अर्ध्या रिंगला उचलला.
"मामा?"
बराच वेळ काही नाही.
"आलं," ते म्हणाले. "आलं, आलं."
मग थोडं थांबून,
"आता ह्याच्यावरून लावू कुणाला?"

ते मला सांगता आलं नाही.
संध्याकाळी बिलात चोवीस पॉइंट लिहिले.
गड्डमनी चष्मा वर केला:
"चालू तर तेवीसच हायत ना?"
रेणुकाताई भिंतीशी होत्या,
बॉलपेनला फुंकर मारत.