चुकीच्या रंगाचा उंट

क्लाक्सविकच्या शाळेतला व्यायामाचा हॉल,
पाचवी फेरी. बाकी सगळे पट आवरलेले.
साबोल्च, रेटिंग पंचवीसशे बारा;
समोर रान्वा, सतराशेच्या आतबाहेर,
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली,
नखांत अजून खवले.

त्याच्याकडे कडेचं एक प्यादं जास्त, आणि उंट.
पण उंट पांढऱ्या घरांचा
आणि कोपरा काळा.

ती राजाला कोपऱ्यात नेते. बाहेर काढते. पुन्हा नेते.
त्याला ठाऊक आहे. तिलाही.
तरी वीस खेळ्या खेळवत राहतो,
थकेल म्हणून.

रात्रपाळीच्या बाईला?

शेवटी तो हात पुढे करतो,
नजर फेरीबोटीच्या वेळापत्रकावर.

मी पंच. दोघांच्या नावापुढे अर्धा लिहितो.
तिचा जरा मोठा निघतो;
खोडून पुन्हा लिहितो.