पडताळणी

दोन मतांनी हरले मी, प्रभाग पाच.
पुन्हा मोजलं, तरी दोनच.
बाबलो झालमीच्या नावासमोर अंगठा होता म्हणतात,
आणि बाबलो तर चवथीच्या आधीच गेला,
त्याच्या तिरडीचे बांबू आमच्या बेटातले.

ते सगळं नंतर, म्हणाल्या केंकरे वकीलबाई,
आधी दिवस मोजू.
निकालाच्या तारखेपासून बोटांवर,
मग कॅलेंडरवर, मग पुन्हा बोटांवर.
रविवार धरायचे. फेस्ताची सुट्टी धरायची.
उरला उद्या.

वाळपईहून पहिली कदंब धरली.
अनामत भरली खाज्याच्या पैशांतून,
जत्रेची दहा-दहाची नोट, गुळाने चिकटलेली,
खिडकीतल्याने दोनदा सुटी करून मोजली.

विरुद्ध कोण कोण?
जिंकलेली आली, अधिकारी आला.
आणि तिसरा?
तिसरा म्हणजे आमचा फोंडू,
कुंपणापलीकडचा. अकरा मतं.
मेहुण्याशी पैज मारून उभा राहिलेला.
त्याच्याशी माझं भांडण नाही हो काही.
भांडण नसू दे, नाव हवं.
रिंगणातला एक जरी सुटला
तर दारातूनच माघारी धाडतील.
धंदा काय त्याचा?
काजूतली माकडं हाकलतो, शिट्टी मारून.
बाईंनी लिहिलं : बागायत.

शेवटच्या पानावर पडताळणी.
परिच्छेद एक ते पाच माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे,
सहा ते नऊ मिळालेल्या माहितीवरून, व ते मी खरे मानते.
वाचून सही करा, म्हणाल्या.
वाचलं, आणि अडले.

मला स्वतःला काय ठाऊक?
बाबलो गेला, हे ठाऊक.
कपाळाला हात लावला होता मी, माठासारखं गार.
अंगठा मी पाहिला नाही.
भाच्याने पाहिला, तो माझा एजंट,
आणि त्या दिवशी चष्मा घरी विसरलेला.
पेट्या उघडल्या तेव्हा मी बाहेर
फणसाखाली उभी, चप्पल तुटलेली.
वाड्यावरची सगळी घरं माझी,
हे तेवढं तीन आठवडे
स्वतःच्या माहितीप्रमाणे खरं होतं.
घराघरांत चहा प्यायले होते.
ते चहा कुठल्या परिच्छेदात घालायचे, बाई?

पाचवा खाली घ्या, मी म्हटलं. तो ऐकीव आहे.
वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.
टायपिस्टने पानं फाडली, न बोलता.
पुन्हा सगळं छापलं.

तीन प्रती, चौदा चौदा पानं,
प्रत्येक पानाखाली 'खरी प्रत' आणि सही.
द्वारका माजिक. द्वारका माजिक.
तिसाव्या पानाला ते नाव कुणा दुसरीचं वाटू लागलं,
जिला मी ओळखत होते, पण फार नाही.

कागद भाच्याच्या हाती चालत नाहीत.
हरलेल्याने स्वतः उभं राहायचं खिडकीशी.
उभी राहिले. चार वाजून वीस.
कारकून स्पंजावर बोट ओलं करून
एकेक पान उलटत गेला.
फोंडूच्या प्रतीत अकराव्या पानावर थांबला.
सही?
नव्हती.
त्याने काचेखालून पेन सरकवलं,
तोंडावर जांभई, वैर नाही काही.
आत मग शिक्का पडला, एकदा, वाकडा.

रात्री कुंपणाशी गेले.
फोंडू, तुझ्यावर कोर्टाचा कागद येईल.
माझ्यावर? मी काय केलं?
काही नाही. तू होतास, एवढंच.
तो बराच वेळ गप्प. माडाच्या बुंध्यावर नखाने
काहीतरी खरवडत राहिला.
मग म्हणाला, बूट घालून यावं लागेल का गे?
मी म्हटलं, मला ठाऊक नाही.
विचारून सांगते.